शेजाऱ्याची कोठी आणि अणूचा हिशेब

वर्तमानपत्रांतील परराष्ट्रांची वार्ता वाचून झाली, कीं बैठकींत एक प्रश्न हटकून निघतो. अमक्या देशानें विजेसाठीं अणुभट्टी उभारली म्हणतात. पण उद्यां तो तिच्या आडून बॉम्ब करणार नाहीं, हें कशावरून? तरुण मंडळी म्हणतात, शास्त्राला आडकाठी कां असावी? बड्या राष्ट्रांनीं शिकावें आणि गरिबांनीं शिकूं नये, हा कोठला न्याय? वडील मंडळी म्हणतात, आगीशीं खेळ कोणाचाच बरा नव्हे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य असल्यामुळें हा वाद चहा निवेपर्यंत चालतो, आणि कांहींच निष्पन्न न होतां संपतो. या महिन्यांत आम्ही या प्रश्नाचें एक उदाहरण वाचकांपुढें ठेवणार आहोंत. तें बड्या राष्ट्रांचें नसून दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना व ब्राझिल या दोन विकसनशील देशांचें आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा जितकी व्हावी तितकी होत नाहीं.

प्रथम मूळ वस्तु समजून घेऊं. कारण ती समजली नाहीं तर पुढचा सारा वाद हवेंतला ठरतो. खाणींतून निघालेल्या युरेनियमचे एक हजार अणु घेतले, तर त्यांत सुमारें सातच अणु खऱ्या उपयोगाचे असतात. त्यांस युरेनियम-२३५ म्हणतात. बाकीचे जवळजवळ सगळे युरेनियम-२३८ चे असतात. वीज काढणाऱ्या बहुतेक भट्ट्यांना उपयोगी अणूंचें प्रमाण शेंकडा तीन ते पांच असलें तरी पुरतें. बॉम्बासाठीं तें सामान्यतः शेंकडा नव्वदच्या घरांत न्यावें लागतें. तीन कोठें आणि नव्वद कोठें, असें कोणासही वाटेल. परंतु आमच्या वाचकभगिनींनीं हाच हिशेब सुपांत करून पाहावा. हजार दाण्यांत सात दाणे तांबडे आहेत व बाकीचे पांढरे आहेत, असें समजा. तांबड्या दाण्यांचें प्रमाण शेंकडा चार करावयाचें असेल, तर सुमारें सव्वाआठशें पांढरे दाणे निवडून टाकावे लागतात, आणि सुपांत पावणेदोनशें दाणे उरतात. तेंच प्रमाण पुढें नव्वदावर न्यावयाचें झालें, तर आणखी एकशें सदुसष्ट दाणे टाकले कीं काम संपलें! म्हणजे निवडण्याच्या कष्टांचा मोठा भाग विजेच्या पायरीपर्यंतच होऊन गेलेला असतो. राहिलेली वाट लांबीनें थोडी आहे. तेथें प्रश्न येतो तो मुख्यतः इच्छेचा.

दुसरी एक वाट आहे, ती प्लुटोनियमची. भट्टींत इंधन जळत असतांना युरेनियम-२३८ च्या कांहीं भागाचें प्लुटोनियम बनतें. जळालेल्या इंधनांतून तें रासायनिक क्रियेनें वेगळें काढलें, तर पुन्हां भट्टींत घालतां येतें, आणि बॉम्बांतही घालतां येतें. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेनें यासाठीं एक माप ठरविलें आहे. आठ किलोग्रॅम प्लुटोनियम, किंवा अतिशय कसदार केलेल्या युरेनियममधील पंचवीस किलोग्रॅम युरेनियम-२३५, एवढा माल हिशेबांतून नाहींसा झाला, तर त्याचा बॉम्ब झाला नसेल असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. धान्याच्या एका पोत्याहूनही कमी वजनाचा हा माल! सारांश, या शास्त्राच्या घरांत स्वयंपाकघर व दारूगोळ्याची कोठडी यांच्यामध्यें भिंत नाहीं, नुसता उंबरठा आहे.

हा उंबरठा कोणीं राखावा, हा प्रश्न जगापुढें फार दिवस आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं ८ डिसेंबर १९५३ रोजीं संयुक्त राष्ट्रांपुढें भाषण करून अणुशक्तीचा शांततेसाठीं उपयोग करण्याची योजना मांडली. १९५५ सालीं जिनिव्हास त्याच विषयावर मोठी परिषद भरली, तिचें अध्यक्षपद आपल्या डॉ. होमी भाभांकडे होतें. १९५७ सालीं व्हिएन्नाची संस्था स्थापन झाली. पुढें अण्वस्त्रांचा प्रसार थांबविण्याचा करार सह्यांसाठीं १९६८ सालीं खुला झाला व १९७० सालीं अंमलांत आला. या करारानें जगाचे दोन वर्ग केले. १ जानेवारी १९६७ पूर्वीं ज्यांनीं अण्वस्त्राचा स्फोट केला तीं पांच राष्ट्रें अण्वस्त्रधारी म्हणून मान्य झालीं. इतरांनीं शस्त्र न करण्याचें वचन द्यावें, कारखाने तपासूं द्यावे, व मोबदल्यांत शांततेच्या कामीं मदत घ्यावी, असें ठरलें. पांचांनीं आपलीं शस्त्रें कमी करण्यासाठीं प्रामाणिकपणें वाटाघाटी कराव्या, असेंही त्यांत एक कलम आहे. पण त्याचें फळ जगास अद्याप मिळावयाचें आहे.

स्वतःची तिजोरी भरून झाल्यावर सावकारानें दुसऱ्यास अपरिग्रहाचा उपदेश करावा, तसा हा प्रकार अनेक देशांना वाटला. हिंदुस्थाननें या करारावर सही केली नाहीं. अर्जेंटिना व ब्राझिल यांनींही त्या वेळीं केली नाहीं. तक्रार खरी होती. पण नुसती तक्रार खरी असल्यानें उंबरठ्याचा प्रश्न सुटत नाहीं, हेंही लवकरच दिसून आलें. १८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें आपण पहिला स्फोट केला. त्यास लागलेलें प्लुटोनियम तुर्भ्याच्या ज्या भट्टींतून आलें, ती कॅनडाच्या मदतीनें उभी राहिली होती व तिच्यांतील जड पाणी अमेरिकेनें पुरविलें होतें. आपल्या सरकारनें त्या स्फोटास शांततामय स्फोट म्हटलें. कॅनडानें सहकार्य थांबविलें. यंत्रें व इंधन पुरविणाऱ्या देशांनीं एकत्र येऊन आपला गट केला. आणि १९७८ सालीं अमेरिकेनें निर्यातीवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. १९६९ पासून वीज देऊं लागलेल्या आपल्या तारापूरच्या केंद्राला इंधनाची चिंता लागली, ती या कायद्यामुळेंच.

त्याच कायद्याची झळ दक्षिण अमेरिकेंतही लागली, आणि येथून आमची मूळ कथा सुरू होते.

अर्जेंटिना व ब्राझिल हे त्या खंडांतले दोन मोठे शेजारी, आणि पूर्वापार प्रतिस्पर्धी. एकाची भाषा स्पॅनिश, दुसऱ्याची पोर्तुगीज. दोघांनाही खंडाचें पुढारीपण हवें. अणुशास्त्रांत अर्जेंटिनानें आघाडी घेतली. आरंभ मात्र हास्यास्पद झाला. रिश्टर नांवाच्या एका परदेशी शास्त्रज्ञानें ह्युमूल बेटावरील प्रयोगशाळेंत सूर्याची शक्ति बाटलींत भरली, अशी घोषणा अध्यक्ष पेरॉन यांनीं १९५१ सालीं केली, आणि वर्ष-दीड वर्षांत तो सगळा फुगा फुटला. पण १९५० सालीं स्थापन झालेलें त्या देशाचें अणुशक्तिमंडळ टिकलें, आणि त्यानें चांगले शास्त्रज्ञ तयार केले. १९७४ सालीं पाराना नदीच्या कांठीं आतुचा येथें लॅटिन अमेरिकेंतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्यास त्या वेळीं कसदार न केलेलें, खाणींतलेंच युरेनियम चालत असे. इंधनासाठीं कोणाचें तोंड पाहावें लागूं नये, हा हेतु त्यामागें होता.

ब्राझिलनें दुसरी वाट धरली. १९७५ सालीं त्यानें पश्चिम जर्मनीशीं प्रचंड करार केला. आठ वीजभट्ट्या आणि शिवाय युरेनियम कसदार करण्याची व प्लुटोनियम वेगळें काढण्याची विद्या, असा त्यांतला सौदा होता. (त्या आठांपैकीं एकच, आंग्रा येथील दुसरी भट्टी, पुरी होऊन २००० सालीं वीज देऊं लागली, हें जातां जातां सांगावयास हवें.) या सौद्यावर तपासणीचें बंधन होतें. म्हणून ब्राझिलच्या लष्करी अधिकाऱ्यांनीं, तपासनीसांच्या नजरेबाहेर, दुसरा एक गुप्त उद्योग चालविला. दोन्ही देशांत त्या काळीं लष्करी राजवट होती. दोहोंपैकीं कोणींही बॉम्ब बनविला नाहीं. पण बॉम्बाचें दार बंद करावयासही कोणी तयार नव्हतें. शेजारी काय करतो हें कळत नव्हतें, म्हणून आपणही कांहींतरी करीत राहावें, अशी दोघांची स्थिति होती. संशयाचा हा गुणधर्मच आहे, कीं त्यास पुरावा लागत नाहीं, अंधार पुरतो.

यांत भर पडली पाण्याच्या भांडणाची. पाराना नदीवर ब्राझिल व पाराग्वे यांनीं इताइपूचें अवाढव्य धरण बांधावयास घेतलें, तेव्हां खालच्या अंगास असलेल्या अर्जेंटिनास आपल्या पाण्याचें काय होईल अशी भीति पडली. शेवटीं १९७९ सालीं तिघांनीं मिळून पाण्याचा करार केला. त्यानंतर १९८० सालीं ब्राझिलचे अध्यक्ष जनरल फिगेरेदो हे ब्वेनोस आयरेस येथें गेले व अणुशास्त्रांत परस्पर सहकार्य करण्याच्या करारावर सह्या झाल्या. लक्षांत घ्या, दोन्ही बाजूंस त्या वेळीं लष्करशहाच होते. कोणी साधुपुरुष नव्हते. पण पाण्याचें भांडण मिटलें म्हणून दुसऱ्या गोष्टीचें बोलणें निघूं शकलें. १९८२ च्या फॉकलंड युद्धांत लंडनमध्यें अर्जेंटिनाच्या हितसंबंधांची राखण करण्याचें काम ब्राझिलनें पत्करलें, तेंही या नव्या वळणास धरूनच झालें.

१९८३ च्या नोव्हेंबरांत अर्जेंटिनानें जाहीर केलें, कीं पिल्कानिएऊ येथें आम्ही युरेनियम कसदार करण्याची विद्या गुप्तपणें हस्तगत केली आहे. या बातमीनें जग दचकलें. परंतु ही घोषणा करण्यापूर्वीं अर्जेंटिनानें ब्राझिलच्या अध्यक्षांस ती आगाऊ कळविली होती. गोष्ट लहान दिसते. पण घरोघरचा अनुभव काय आहे? शेजाऱ्याच्या घरचें कार्य आपणांस त्रयस्थाकडून कळलें तर मन आंबतें, आणि तेंच त्यानें स्वतः येऊन सांगितलें तर मत्सर असला तरी तो गिळतां येतो. चार वर्षांनीं ब्राझिलनेंही आपल्या गुप्त उद्योगास यश आल्याचें जाहीर केलें, तेव्हां अर्जेंटिनास त्यानें तसेंच आधीं कळविलें.

दरम्यान दोन्ही देशांत लष्कर जाऊन मुलकी सरकारें आलीं. अर्जेंटिनांत राउल आल्फोन्सिन, ब्राझिलांत जुझे सार्नेय. १९८५ च्या नोव्हेंबरांत इग्वासूच्या सुप्रसिद्ध धबधब्याजवळ दोघे भेटले व अणुशक्तीचा उपयोग फक्त शांततेसाठीं करण्याचा त्यांनीं संयुक्त जाहीरनामा काढला. ज्या इताइपू धरणावरून एवढा कलह माजला होता, तें धरणही त्या भेटींत आल्फोन्सिन यांनीं पाहिलें. १९८७ च्या जुलैंत त्यांनीं सार्नेय यांस पिल्कानिएऊचा तो गुप्त कारखाना दाखविला. १९८८ च्या एप्रिलांत सार्नेय यांनीं परतभेट म्हणून आरामार येथील ब्राझिलच्या आरमाराचा कारखाना आल्फोन्सिन यांस दाखविला. त्याच सालीं ब्राझिलनें नवी राज्यघटना केली, आणि अणुशक्तीचा उपयोग शांततेसाठींच व लोकप्रतिनिधींच्या संमतीनेंच व्हावा, असें तींत लिहून ठेवलें.

अमेझॉनच्या प्रदेशांत काशिंबूच्या डोंगरांत ब्राझिलच्या लष्करानें एक खोल विवर खणून ठेवलें होतें. तीनशें मीटरांहून खोल असलेलें तें विवर अणुस्फोटाच्या चांचणीसाठीं होतें, असा बोभाटा १९८६ पासून झाला होता. सार्नेय यांच्यामागून अध्यक्ष झालेले कोलोर यांनीं १९९० च्या सप्टेंबरांत तेथें स्वतः जाऊन, वर्तमानपत्रांच्या बातमीदारांसमक्ष, त्या विवरांत फावड्यानें चुना टाकला व तें बुजविण्याचा आरंभ केला. यांत थोडें नाटक होतें, हें कबूल. पण जें गुपचूप खणलें तें उघडपणें बुजवावें, यांत लोकांचा मान राहतो.

१८ जुलै १९९१ रोजीं मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरीं दोघांनीं अंतिम करार केला. त्यांत त्यांनीं बॉम्ब तर सोडलाच, पण 'शांततामय स्फोट' हें नांव देऊन करावयाचा प्रयोगही सोडला. कारण स्फोटाचें यंत्र तेंच असतें, नांव तेवढें निराळें. आणि दोघांची मिळून एक हिशेबतपासनीस संस्था त्यांनीं स्थापन केली. तिचें नांव आबाक. कचेरी रिओ द जानेरो येथें. तिचा नियम अगदीं साधा आहे. अर्जेंटिनाच्या कारखान्यांची पाहणी ब्राझिलच्या तज्ज्ञांनीं करावयाची, आणि ब्राझिलच्या कारखान्यांची अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांनीं. माल किती आला, किती भट्टींत गेला, किती उरला, वहीशीं कोठी जुळते कीं नाहीं, मोहोरबंद पेट्यांची मोहोर शाबूत आहे कीं नाहीं, हें सारें ते पाहतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्हिएन्नाची संस्थाही एका चौपक्षी करारानें या व्यवस्थेंत सामील झाली. म्हणजे शेजाऱ्याची तपासणी, आणि तीवर आणखी जगाची. हें सर्व झाल्यावर मग अर्जेंटिनानें १९९५ सालीं व ब्राझिलनें १९९८ सालीं जागतिक करारावर सह्या केल्या. ज्या कराराचा त्यांस मूळचा राग होता, त्याकडे ते शेजाऱ्याच्या घरावरून गेले.

यांत गमावलें काय? वीज सोडली नाहीं. भट्ट्या दोघांकडे आहेत. युरेनियम कसदार करण्याचा हक्कही सोडला नाहीं. ब्राझिल तर अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधण्याच्या उद्योगांत आहे. रेझेंदेच्या कारखान्यांतील यंत्रांची रचना परक्यांनीं पाहूं नये म्हणून त्यानें तीं झांकून ठेवलीं, त्यावरून २००४ सालीं व्हिएन्नाच्या संस्थेशीं त्याचा वाद झाला व शेवटीं तडजोड निघाली. तेव्हां ही स्वर्गांतली मैत्री नव्हे. अभिमान आहे, व्यापारी गुपित आहे, चढाओढ आहे. हें सर्व असूनही हिशेब मात्र उघडा आहे, आणि आमच्या मतें हीच या उदाहरणाची खरी किंमत आहे.

कोणी म्हणेल, नुसता करार झाला कीं भागलें. एवढा तपासणीचा खटाटोप कशाला? त्यास इराकचें उदाहरण पुरे आहे. इराकनें जागतिक करारावर सही केली होती, तपासनीसही तेथें जात होते. पण ते जात ते इराकनें दाखविलेल्या जागींच. १९९१ च्या युद्धानंतर पाहतात तों त्याचा गुप्त उद्योग निराळाच निघाला! उत्तर कोरियानेंही सही केली होती. २००३ सालीं करार सोडल्याचें त्यानें जाहीर केलें आणि २००६ सालीं स्फोट केला. उलटपक्षीं दक्षिण आफ्रिकेनें गुपचूप सहा बॉम्ब केले होते. तीं सहाही शस्त्रें मोडून टाकून त्यानें १९९१ सालीं करारावर सही केली, आणि १९९३ च्या मार्चांत अध्यक्ष डी क्लर्क यांनीं पार्लमेंटांत ही गोष्ट उघड सांगितली. मग जुन्या वह्या व उरलेला माल तपासनीसांपुढें ठेवून जगाची खात्री पटवावी लागली. म्हणजे सही केल्यानें विश्वास आपोआप येत नाहीं, व शस्त्र टाकल्यानेंही येत नाहीं. तो वही दाखविल्यानें येतो.

आतां आपल्या दाराशीं येऊं. १९९८ च्या मे महिन्यांत प्रथम हिंदुस्थाननें व नंतर पाकिस्ताननें स्फोट केले. दक्षिण अमेरिकेंतले शेजारी उंबरठ्यावरून परतले. आपण दोघे उंबरठा ओलांडून गेलों. त्या दोघांमध्यें काश्मीर नव्हतें, अलीकडच्या काळांत रक्त सांडलें नव्हतें, आणि आपल्याप्रमाणें उत्तरेस चीनसारखा तिसरा शेजारीही बसलेला नव्हता. म्हणून 'त्यांनीं केलें, तसेंच आपण करावें' असा सोपा उपदेश करणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. पण या दोन देशांमध्यें एक बारीकसा धागा आहे, तो पुष्कळांस ठाऊक नसतो. ३१ डिसेंबर १९८८ रोजीं इस्लामाबादेस राजीव गांधी व बेनझीर भुत्तो यांच्या भेटींत एक करार झाला, कीं एकमेकांच्या अणुकेंद्रांवर कोणींही हल्ला करूं नये. त्यांत असेंही कलम आहे, कीं दरवर्षीं १ जानेवारीस दोघांनीं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांस द्यावी. १९९२ पासून अशा याद्या दिल्या-घेतल्या जात आल्या आहेत. १९९९ सालीं कारगिलच्या डोंगरांत तोफा धडाडल्या, त्यानंतरच्या जानेवारीसही ही देवघेव चुकली नाहीं.

ही यादी म्हणजे तपासणी नव्हे. ती खरी कीं अपुरी, हें पाहावयास कोणी कोणाच्या दारांत जात नाहीं. तींत शस्त्रांचा आंकडा नसतो. कागदाची एक घडी इकडून तिकडे जाते व एक तिकडून इकडे येते, इतकेंच. तरीही ती क्षुल्लक मानूं नये. १९८० सालीं ब्वेनोस आयरेस येथें जो करार झाला, त्यांतही कोणी कोणाची कोठी उघडली नव्हती. त्यानंतर अकरा वर्षांनीं तेथें आबाकचा करार झाला. त्याच्या आधींच्या पायऱ्या आगाऊ कळविलेली बातमी, दिलेली भेट व परतभेट अशा बारीकसारीकच होत्या. आणि त्याहून आधींची पायरी तर अणूची नव्हतीच. ती नदीच्या पाण्याची होती.

तेव्हां बैठकींतील मूळ प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. एखाद्या देशानें अणुभट्टी बांधली म्हणून त्यास चोर समजूं नये. विजेची गरज गरिबाला श्रीमंताहून कमी नसते. आणि तो शांततेच्या गोष्टी बोलतो म्हणून त्यास साव समजण्याचीही घाई करूं नये. त्याच्या कोठीची वही कोण पाहतो, आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक भीति वाटते त्याला ती पाहावयास मिळते कीं नाहीं, एवढें विचारावें. हा प्रश्न परक्या देशांविषयीं विचारावा, आणि तितक्याच मोकळेपणानें स्वतःच्या देशाविषयींही. आमच्या घरांतील मुलांनीं अणुशास्त्र अवश्य शिकावें. पण त्याबरोबर हिशेबाची वही उघडी ठेवण्याची विद्याही शिकावी, कारण दिव्याच्या तेलास व वणव्याच्या तेलास निरनिराळा वास येत नाहीं.